मोठ्यांसमोरची विडी

॥ श्री ॥
नागपूर, ता. ४ ऑगस्ट १९८३

ती. रुपरावदादास,
शि. सा. न. वि. वि.

काटोलची शाळा सुरू होऊन महिना उलटला, गुरुजींना बहिणीला दोन ओळी लिहायला सवड नाही. तेव्हा मीच लिहिते.

धंतोलीच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो काढला. बघून विचारतात, बाई, किती वर्षांपासून ओढता? मला रडूच कोसळलं. अकरा वर्षं मोहल्ल्यातल्या वाचनालयात नोकरी करते, रोज पंचवीस-तीस माणसं माझ्या टेबलासमोर धूर सोडत पेपर वाचतात, असं सांगितलं तेव्हा त्यांना उलगडा झाला. धूर टाळा, नाहीतर नोकरी सोडा, म्हणाले.

मी भिंतीवर पाटी लावली, की इथे विडी-सिगारेट ओढू नये. गांधीबागेत कापडाच्या दुकानात असतो तो चंद्रभान, त्यानं पाटीखालीच बसून विडी पेटवली! वाचनालयाचे अध्यक्ष आनंदराव, त्यांच्याकडे गेले, तर म्हणतात, पाटी काढ वं, धुराशिवाय लोकांले पेपर पचत नाही. दादा, नोकरी सोडून मी करू काय? आणि मीच काहून सोडू?

उत्तर लवकर पाठव.

तुझी,
पुष्पलता

काटोल, ता. ९ ऑगस्ट १९८३

चि. पुष्पलतास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव चरकला. पण वेडे, आपल्या मोहल्ल्यात पाटीला कोण भितो? बाबांना भितात. अर्ध्या मोहल्ल्याला त्यांनी हातमाग शिकवला. बाबा, म्हणजे त्यांचे भैय्याजी, येताना दिसले की चाळिशीचे बाप्येसुद्धा विडी मुठीत लपवतात. संध्याकाळी तुझ्या टेबलाशेजारी बाबांना खुर्ची टाकून दे. त्यांनाही घरी करमत नाही. भांडण नको नि अर्ज नको. शेवटी गुरुजीचं डोकं आहे!

औषध वेळेवर घे. पोळ्याला येतोच आहे. बाबांना नमस्कार सांग आणि माझ्यावरचा राग आवर.

तुझा दादा,
रुपराव

॥ श्री ॥
नागपूर, ता. ३० ऑगस्ट १९८३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी युक्ती बारा दिवस चालली. बाबा खुर्चीत बसले की एकेक जण खाकरत उठायचा आणि रस्त्यावर जाऊन ओढून यायचा. त्या दिवसांत मला सलग झोप लागली.

गेल्या गुरुवारी आनंदराव आले. ते बाबांहून वयानं मोठे, नात्यानं त्यांचे मामा. बाबा उठून उभे राहिले. आनंदरावांनी सिगारेट पेटवली आणि दुसरी बाबांपुढे धरली. वीस वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट बाबांनी घेतली आणि ओढली! घरी येऊन म्हणतात, मोठ्या माणसाले नाही कसं म्हणू? दुसऱ्या दिवशी चंद्रभान खुशाल विडी पेटवून म्हणाला, भैय्याजीच ओढून राहिले, आता आमाले कायची लाज? तेव्हापासून बाबा वाचनालयात येत नाहीत. माझ्याशी बोलतानाही खाली बघतात.

मला बाबांचा राग नाही आला. या लाजेचा आला. मोठा माणूस दिसला की विडी विझते, आणि समोर खोकणाऱ्या बाईची कोणाला लाज नाही. दादा, तूही त्यातलाच. घरी आलास की बाबांना दिसू नये म्हणून माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओढतोस. दार लोटून घेतोस, मी चुलीपुढे खोकते, आणि जाताना म्हणतोस, बाबांले सांगू नको वं. मी कधी सांगितलं नाही. ती माझी चूक झाली.

नोकरी मी सोडणार नाही. उद्यापासून कोणी विडी पेटवली की सगळे पेपर गोळा करून कपाटात कोंडीन आणि किल्ली घेऊन बाहेर पायरीवर बसेन. आनंदराव मला कामावरून काढतील तर काढोत.

पोळ्याला जरूर ये. पण ओढायची झाली तर बाहेरच्या खोलीत, बाबांच्या समोर बसून ओढ.

रागानं लिहिलं आहे, पण माया आटलेली नाही. तुझीही आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी बहीण,
पुष्पलता