आठ फुलांचा फ्रेंच शब्द

३ जानेवारी २००४
फुलांचा धंदा आता बंद करायचा. गंगापूर रोडच्या पुढे नवीन वायनरी झालीय, तिथे गाइड हवाय. मॅनेजरसाहेब म्हणाले, लहानूभाऊ, २५ तारखेला फ्रान्सचे पाहुणे येताहेत, चार शब्द बोलून दाखवा, मग बघू. बघू म्हणजे नोकरी मिळालीच.

५ जानेवारी
फ्रेंचचा क्लास लावला. तिथल्या भाग्यश्री मॅडमना सगळ्यात लांब फ्रेंच शब्द विचारला. मोठा पाडला की बारके आपोआप शरण येतात. आँतीकोंसतीत्युस्योनेलमाँ. अर्थ, घटनाबाह्य पद्धतीने. वायनरीत कुठे वापरायचा ते नंतर बघू. मॅडम म्हणाल्या, आधी बाँजूर शिका. ती बालवाडी झाली.

८ जानेवारी, पहाटे
शब्दाचे आठ तुकडे. प्रत्येकाला एक फूल. झेंडू आँ, शेवंती ती, गुलाब कोंस... ओवता ओवता पाठ. असा अभ्यास पॅरिसातही कोणी करत नसेल.

१४ जानेवारी
दीपमालाची कुरकुर. गिऱ्हाईक नवसाबाईंना देवाला शंभर फुलांचा हार हवा होता, मी त्यातही शब्दच ओवला. म्हटलं, बारा वेळा शब्द, वर चार फुलं. ही म्हणे, अहो, पाहुण्यांना राम राम कसा घालायचा ते तरी शिका!

२४ जानेवारी
हार न बघता म्हणून पाहिलं. कोंसवर अडकलो. हरकत नाही, उद्या सत्काराचा हार माझ्याच हातात असणार.

२५ जानेवारी, दुपारी
स्टेजवर फोटोवाला ओरडला, घाला, घाला! घातला. ठीक, पाहुण्यांच्या छातीवरून वाचू. तर त्यांनी आपल्याकडच्या पुढाऱ्यांसारखा हार लगेच काढून टेबलावर ठेवला. वीस वर्षं सत्काराचे हार देतोय, हे आधी सुचायला हवं होतं. पाहुणे हसून म्हणाले, बाँजूर. याचं उत्तर येतंय कोणाला? टेबलावर वाकलो, एकेका फुलावर बोट ठेवत शब्द पूर्ण केला. टाळ्या! मग पाहुणे पाच मिनिटं फ्रेंचमध्ये बोलले. मी मान डोलावली. शेवटी शेजारच्या नाथाची हर्षाली, कॉलेजात फ्रेंच घेतलेली, पुढे आली आणि त्यांना द्राक्षं दाखवायला घेऊन गेली.

३० जानेवारी
मॅनेजरसाहेबांचा फोन. पाहुण्यांना हार फार आवडला, आता रोज द्या. गाइड हर्षाली. दीपमाला खूश. मला वाईट वाटलं. लिहूनच टाकतो, फार वाईट वाटलं.

२ फेब्रुवारी, सकाळी
हार घेऊन गेलो. गेटवर हर्षाली, नवा युनिफॉर्म. म्हणाली, काका, तो लांब शब्द म्हणा ना. फुलांकडे न बघता म्हटला. आठही तुकडे, एकही चूक नाही.
ती म्हणाली, भारी! आणि हार मागच्या दाराने आत ठेवायला सांगितलं.