मास्तरीण नावाची मेंढी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. मेंढी विकास अधिकारी,
पर्यायी खाद्य विभाग,
दुसरा मजला, बंद पंख्याखालील टेबल.

विषय : प्रदर्शनासाठी नेलेली मेंढी, कळप उपाशी असल्याने, तातडीने परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र क्र. २१७, दि. २ मार्च.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार मेंढपाळ बाई सविनय कळवते की,

१. वाटाण्याच्या वेली, मक्याची ताटे आणि बीटचा चोथा दळून आपल्या विभागाने केलेले खाद्य चांगले आहे. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तिच्या सासूबाई मळणीनंतरचे भुसकट मेंढ्यांना घालत, तेव्हा आपला विभाग जन्मलाही नव्हता. सासूबाईंनी त्याचे माहितीपत्रक छापले नाही, एवढीच त्यांची चूक.

२. मेंढी अनोळखी खाद्याला आपण होऊन तोंड लावत नाही. कळपाची म्होरकी आधी खाते, मग बाकीच्या खातात. अर्जदाराच्या कळपात हा मान एका मेंढीचा असून तिला घरात मास्तरीण म्हणतात. आपण पाहणीस आलात आणि दिसायला बरी म्हणून नेमकी तीच गाडीत घातलीत. हिला सोडून कोणतीही न्या, असे अर्जदाराने हात जोडून सांगितले. त्यावर आपण "बाई, मेंढी ती मेंढी," असे उत्तर दिलेत. खाद्याची पोती त्यानंतर तीन दिवसांनी आली. वरातीमागून घोडे येतात हे ठाऊक होते, पोतीही येतात हे नव्याने कळले.

३. सध्या मास्तरीण आपल्या कार्यालयाच्या अंगणात उभी असून तिच्या गळ्यात 'पिकांच्या अवशेषांवर पोसलेली आदर्श मेंढी' अशी पाटी आहे. सोमवारी अर्जदाराने समक्ष पाहिले, ती हिरवागार लसूणघास खात होती. शिपाईदादांना विचारता ते म्हणाले, भुसकटाने अंगणात कचरा होतो, साहेबांना खपत नाही. आपले खाद्य तिने अद्याप हुंगलेलेही नाही.

४. इकडे उरलेल्या चाळीस मेंढ्या भरल्या गव्हाणीकडे पाठ करून उभ्या आहेत. आपल्या पत्रात याचे कारण 'अर्जदाराची उदासीनता' असे नमूद आहे. उपाय म्हणून आपले पर्यवेक्षक आले व त्यांनी मेंढवाड्यात उभे राहून माहितीपत्रक मोठ्याने वाचले. मेंढ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले, खाल्ले मात्र काही नाही. धाकट्या जाऊबाईंच्या सल्ल्याने एडका पुढे केला. तो पोटभर जेवला. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही, आणि अर्जदाराच्या घरचा अनुभव पाहता त्यात नवल नाही.

५. माळ चरून संपला आहे. नऊ मेंढ्या गाभण आहेत. त्यांच्या पाठीवर हात फिरवला की मणके लागतात, अर्जदाराला रडू येते, आणि रडून झाले की आपली आठवण येते. उंटावरून शेळ्या हाकणारे तिने पुष्कळ पाहिले. दुसऱ्या मजल्यावरून मेंढ्या हाकणारे आपण पहिलेच.

सबब विनंती की, मास्तरीण आजच्या आज पाठवावी. प्रदर्शन संपेपर्यंत ते शक्य नसल्यास, आपण स्वतः सकाळी सातला मेंढवाड्यात यावे, गव्हाणीपाशी ओणवे व्हावे आणि सर्वांदेखत चार घास चावून दाखवावेत. कळपाला म्होरक्या लागतो, आणि आपल्या पत्राच्या माथ्यावर आपले पद तसेच काहीसे छापलेले आहे. येताना माहितीपत्रक आणू नये.

आपली, अजून तरी नम्र,
अर्जदार मेंढपाळ बाई
(सही येते, अंगठा मागू नये.)
दिनांक : ११ मार्च

सोबत जोडले आहे :
१) मेंढी नेल्याची पोच, आपल्या सहीची.
२) खाद्याचा नमुना, चार घास.
३) कानातला बिल्ला क्र. १७. ही मेंढी गाभण होती. काल गेली. पोटात दोन होती, त्यांना बिल्ले नव्हते.