माझा कोर्स चालू आहे

४ जानेवारी
आजपासून कोर्स. जिमच्या मागच्या खोलीत नितेशभाऊंनी पहिलं इंजेक्शन टोचलं. भाऊ आमचे ट्रेनर. बारावी नापास, पण दंड बघावेत. मी स्टेरॉइडच्या सक्त विरोधात आहे. हे स्टेरॉइड नाही, कोर्स आहे. भाऊ म्हणाले, "भेऊ नको, मार्चपर्यंत शर्टाची बटनं तुटतीन." मार्चमध्ये अमरावतीला मुलगी पाहायची आहे. नाव अपेक्षा. तिथल्याच सरकारी दवाखान्यात नर्स. दिवसभर पेशंटच पाहते बिचारी, तिला एकदा धडधाकट माणूस दिसू दे.

११ जानेवारी
अकोटहून बाबांचा फोन. संध्याकाळी काहून उचलत नाहीस म्हणाले. घाईत सांगितलं, कोर्स करून राहिलो. बाबा खूश. "कर बापा, कर!" यात मी खोटं काय बोललो?

३० जानेवारी
छाती वाढली! पाठभर पुरळ आलं, ते अकोल्याच्या पाण्यामुळे. दुकानात एका गिऱ्हाइकावर ओरडलो. तासभर मोबाइलची कव्हरं पाहून न घेता निघाला, कोणीही ओरडेल. मालक उगाच मलाच बोलला.

१७ फेब्रुवारी
छाती दुखते. शर्ट घासला तरी कळ येते. निपलखाली सुपारीएवढी गाठ. डॉक्टरांकडे गेलो. काही घेता का, विचारलं. मी म्हणालो, मटकी आणि अंडी. त्यांनी वर न पाहता गोळ्या लिहिल्या आणि जिम बंद करा म्हणाले. वैताग! न सांगता ओळखता येत नाही, तर शिकले कशाला एवढं? नितेशभाऊंनी एका नजरेत सांगितलं, "डोस कमी पडून राहिला."

८ मार्च, रविवार
पाहण्याचा कार्यक्रम. टाइट टी-शर्ट. बाबांनी पोह्यांची प्लेट हातात घेऊन जाहीर केलं, "आमचा गजेंद्र नोकरी करून कोर्स करून राहिला." तिचे वडील मोतीरामजी म्हणाले, कोणता? मी म्हटलं, फिटनेसचा. अपेक्षाने माझ्या मानेवरचं पुरळ पाहिलं, मग छाती. मी आणखी फुगवली. तिने विचारलं, "तोंडी का इंजेक्शन?" मी पोह्यांचा मोठा घास तोंडात कोंबला. बाबाच म्हणाले, "तोंडीबी असंल अन् लेखीबी असंल."
निघताना दारात ती हळूच म्हणाली, "उद्या ओपीडीत या. डॉक्टरले खरं सांगा, ते रागवत नाईत." मुलगी स्वतः भेटायला बोलावते! बाबांना एसटीत बसवलं, मी थांबलो. सकाळी टी-शर्टला इस्त्री करायची आहे.

९ मार्च, सोमवार
रांगेत सगळ्या बायका. शेजारी बसलेल्या गंगूबाई म्हणाल्या, "तू काहून बसला बापा? बायकोले बसव, नंबर तिचा हाय ना." दारावरची पाटी तेव्हा वाचली: स्तनाच्या गाठींची तपासणी. तेवढ्यात अपेक्षाने खणखणीत आवाजात माझं नाव पुकारलं.
डॉक्टरांना सगळं सांगितलं. खरंच रागावले नाहीत. इंजेक्शन बंद, रक्त तपासू, गाठ बसली नाही तर ऑपरेशन. फार भीती वाटली. फेब्रुवारीतच बोललो असतो तर.
अपेक्षाने पुढची तारीख दिली. मी विचारलं, लग्नाची? ती म्हणाली, "रक्ताची." आणि पुढचा नंबर पुकारला.
संध्याकाळी बाबांचा फोन. कोर्सची तोंडी झाली का, विचारत होते. म्हणालो, आज झाली. कशी गेली म्हणे. म्हणालो, सगळं खरं सांगितलं बाबा, नापास झालो.