तोटदमनेचा पत्ता

होसगद्दे, ता. शिरसी
६ जानेवारी २०१२

चि. वसुधा हिस सुमंगलाक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे ठीक, तुम्हीही सगळे ठीक असाल असं धरून चालते. फोन पुन्हा मुका झालाय, म्हणून हे पत्र. सुपारी सोलायला यंदा माणसं मिळेनात. पूर्वी आपल्या अंगणात सोलायला पंधरा-वीस जण बसायचे, गाणी व्हायची, आता चार बायका आणि त्यातली एक बहिरी.

पण पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. यांनी ठरवलंय की युगादी झाली की घर बंद करायचं, बाग कुणाला तरी कराराने द्यायची आणि लेकाकडे, माधवाकडे, बेंगळूरला राहायला जायचं. नवव्या मजल्यावर! मी विचारलं, तिथे माझ्या लोणच्याच्या भरण्या कुठे ठेवू? तर म्हणाले, इथे तरी आता काय राहिलंय? मी म्हटलं, मी राहिलेय की. त्यावर उठून बागेत गेले. तुला ठाऊक आहे, या घराच्या दाराला आजवर कुलूप लागलेलं नाही, कोयंडासुद्धा गंजून गेलाय. आणि आता मला कळवायला सांगितलंय की वसुधाला म्हणावं, चिकपेटेतून एक दणकट कुलूप आण.

मला इथून हलायचं नाही, वसू. माझ्याही हाताला काही मिळकत आहे असं दाखवता आलं तर यांचं तोंड बंद होईल. तू सुरू करून दिलेल्या आपल्या 'मलनाडचं स्वयंपाकघर' ब्लॉगवर मी वर्षभर लिहितेय, पण जाहिरातींचे पैसे येतात ते महिन्याला एक नारळ यावा इतके. वाचणारे वाढायला काय करायचं ते सांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही.

सगळ्यांना आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
सुमंगलाक्का

*

बसवनगुडी, बेंगळूर
१७ जानेवारी

ती. सुमंगलाक्कास वसुधाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भावोजींनी मनावर घेतलं म्हणजे ते करणार, हे मला तुझ्या लग्नापासून माहीत आहे. कुलूप मात्र आणलंय. तीन किल्ल्यांचं आहे आणि वजन तुमच्या वरवंट्याएवढं.

आता उपाय ऐक. मंगळूरच्या प्रेमलता शेणॉय आहेत ना, त्यांच्या ब्लॉगवर रोज हजारोंची पंगत उठते. आपल्याकडे येतात ते माझ्या ऑफिसातले तिघं आणि आत्या. तेव्हा आपण त्यांच्या पंगतीत एक दिवस वाढायला जायचं. म्हणजे एक लेख त्यांच्यासाठी लिहायचा, फुकट. ज्यांना चव आवडेल ते विचारतील, ही बाई कोण, कुठली? म्हणून लेखाखाली आपल्या ब्लॉगची वाट सांगणारी एक ओळ घालायची. तीच आपली दक्षिणा. माणसं तिथून इकडे येतात, जाहिराती पाहतात, आणि मग पैसे. मी बाईंशी बोलून ठेवलंय. त्यांना तोडदेव हवेत, आपले ते उसाच्या रसाचे कागदासारखे पातळ गोड पापुद्रे. उसाचा हंगाम आहेच, उपड्या मडक्यावर रस-पिठाचा फडका कसा फिरवायचा ते फोटोंसकट लिही.

शेवटची ओळ मात्र अशीच हवी: 'आणखी वाचायचं असेल तर इथे या', आणि खाली मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय तो ब्लॉगचा पत्ता. एक टिंबसुद्धा चुकवू नकोस. ती ओळ गेली तर सगळं मुसळ केरात.

भावोजींना नमस्कार. कुलपाचं आताच सांगू नकोस. आशीर्वादाची वाट पाहते.

तुझी,
वसू

*

होसगद्दे
१२ फेब्रुवारी

चि. वसुधास अनेक आशीर्वाद.

तोडदेवांचा लेख पाठवला. एक मडकं फुटलं, दोन बोटं भाजली, पण फोटो छान आले. तुझी ओळ टिंबासकट उतरवली आणि हे बुधवारी शिरसीला सुपारी संघात निघाले तेव्हा पेनड्राइव्ह यांच्या खिशात घातला. संघाच्या बाजूला कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथल्या मुलीने पाठवून दिला. यायला उशीर का झाला विचारलं, तर म्हणाले, तू लिहिलेलं एकदा वाचून बघितलं, चांगलं लिहितेस. माझ्या लिहिण्याला यांनी चांगलं म्हटल्याची ही पहिलीच वेळ!

आता गंमत ऐक. परवा अंगणात सुपारी पसरत होते तर फाटकाशी हुबळीचं एक जोडपं, बरोबर लहान मुलगी. म्हणाले, तोडदेवांचं तोटदमने हेच का? मला वाटलं यांच्या ओळखीचे. यांना वाटलं माझ्या माहेरचे. गूळ-पाणी दिलं, कुणाचे कोण हे कसं विचारायचं म्हणून जेवायलाही वाढलं. विडा खाऊन निघाले तेव्हा कळलं, आपलं कुणीच नव्हे. ती बाई पैसे द्यायला लागली, तर हे असे भडकले की ती पोर रडायला लागली. मग तिला मांडीवर घेऊन यांनी मद्दळ्यावर थाप मारून दाखवली तेव्हा कुठे हसली. केवढ्या दिवसांनी ते मद्दळं खाली काढलं!

आपला आकडा वाढला का? लवकर कळव, युगादी काही थांबणार नाही. काळजी घे.

सुमंगलाक्का

*

बेंगळूर
१८ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न. वि. वि.

आक्का, तू काय केलंस हे? लेख छापून आला, लोक वेडे झालेत, खाली कौतुकाचा पाऊस पडलाय. आणि आपल्या ब्लॉगवर तेच, तिघं आणि आत्या! मी शेवटपर्यंत वाचलं, तर माझी ओळ गायब. तिच्या जागी काय आहे ते तुलाच लिहून पाठवते: 'आमचं घर होसगद्द्याचं तोटदमने. शिरसीहून सिद्दापूरच्या बसने निघावं, फणसाच्या थांब्यावर उतरावं, उजव्या हाताची पाऊलवाट सुपारीच्या बागेतून थेट अंगणात येते. जेवायच्या वेळेआधी आलात तर बरं, म्हणजे तुम्हाला थांबावं लागणार नाही.'

जगासमोर घरचा पत्ता टाकतं का कुणी? तुम्ही दोघंच असता तिथे. मी प्रेमलताबाईंना फोन केला, तर त्या म्हणतात, आलं तसं छापलं, मला तर वाचून रडू आलं. बदला म्हटलं तर करते म्हणाल्या, पण घरात मुलीचं लग्न आहे त्यांच्या.

माझं तर डोकं चालेनासं झालंय. तू म्हणतेस माझी ओळ टिंबासकट उतरवली, त्यांनी काही बदललं नाही, मग ही ओळ आली कुठून? आता दुसरा लेख पाठव, ब्राह्मीच्या पानांची ताकातली तंबळी करतेस ना, तिच्यावर. आणि या वेळी ओळ दोनदा तपास.

रागावले असले तरी तुझीच,
वसू

*

होसगद्दे
२ मार्च

चि. वसुधास आशीर्वाद.

देवाशप्पथ सांगते, मी तुझीच ओळ लिहिली होती. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं, म्हटलं, तुम्हाला काही कळतंय का? तर तेवढ्यात आडकित्ता शोधायला उठून गेले. पुरुषांना असल्या गोष्टीत रस नसतो. मला वाटतं त्या यंत्रातच काहीतरी बिघाड असणार. तंबळीचा लेख यांच्याबरोबर पाठवला, ओळ दोनदा तपासून.

इकडे येणारे थांबेनात. उडुपीच्या दोन कॉलेजातल्या मुली येऊन गेल्या, त्यांनी तर माझ्याबरोबर बसून सुपाऱ्या सोलल्या. मग दावणगेरेचे एक निवृत्त मास्तर आले, अनंतपद्मनाभय्या, ते मुक्कामालाच राहिले. यांच्यासारखेच ताळमद्दळ्याचे, बसल्या जागी पुराणातली पात्रं होऊन वाद घालायच्या खेळाचे, शौकीन निघाले. मग काय विचारतेस! हे कर्ण झाले आणि मास्तर कृष्ण. कर्णाचं चुकलं की नाही यावरून दोघं इतके हमरीतुमरीवर आले की माझी कैरीची अप्पेहुळी पानात गार झाली. शेजारच्या वाडीतून सहा माणसं ऐकायला जमली. जाताना मास्तर डोळे पुसत होते, आणि हे त्यांना बसपर्यंत पोचवून आले ते शीळ घालत.

पण या सगळ्याने माझं काय भलं होतंय? केळीची पानं संपली, गूळ संपला, पैसे घ्यायचे नाहीत म्हणून दंडक. हे बेंगळूरचं नाव काढत नाहीत, आणि मी विचारायला घाबरते. विचारलं आणि हो म्हणाले तर?

आकडा कळव. देव तुझं भलं करो.

सुमंगलाक्का

*

बेंगळूर
९ मार्च

ती. आक्का, सा. न. वि. वि.

काय लिहू? तंबळीच्या लेखाखालीही तेच. उलट वाढलंय: 'दोन दिवस राहायच्या तयारीने यावं. रात्री ताळमद्दळे असतं. ज्यांना वाद घालता येतो त्यांनी जरूर यावं.'

आता हे यंत्राला कसं सुचेल ते तूच सांग. प्रेमलताबाईंच्या घरचं लग्न आटोपलंय, पुढच्या आठवड्यात दोन्ही पत्ते काढून टाकते म्हणाल्या. आपली मिळकत जिथल्या तिथेच. मी तुला उगाच आशा लावली, आक्का. मला फार वाईट वाटतंय. युगादीला आम्ही सगळे येतो, शेवटचा सण तरी त्या घरात करू. कुलूप घेऊन येते.

तुझी अपराधी,
वसू

*

होसगद्दे
१४ मार्च

चि. वसुधास आशीर्वाद.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. नशिबात नव्हतं. आजपासून भरण्या जुन्या लुगड्यांत गुंडाळायला घेतल्या. अप्पेमिडीच्या कोवळ्या कैऱ्यांचं यंदाचं लोणचं आधीच घातलंय, ते तुम्हा सगळ्यांत वाटून टाकेन. हे दारात बघत उभे होते. माजघरात बसले की मला रडू येतं, म्हणून अंगणात बसते, आणि अंगणात बसले की कुणीतरी येऊन तोटदमने हेच का विचारतं.

युगादीला या. कडुनिंबाची फुलं काढून ठेवलीत.

सुमंगलाक्का

*

होसगद्दे
१५ मार्च

चि. सौ. वसुधा हिस गणपती हेगडे याचे आशीर्वाद. वि. वि.

मी तुला पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत.

ती ओळ मी बदलली. दोन्ही वेळा. शिरसीच्या दुकानात लेख वाचत होतो, शेवटी पाहतो तर 'इथे या' आणि पुढे नुसती टिंबं आणि अक्षरं. ना गावाचं नाव, ना घराचं, ना बस कुठली ते. एवढं तोंडाला पाणी सुटेल असं लिहायचं आणि माणसाला या म्हणताना दार दाखवायचं नाही, ही कुठली रीत? मला वाटलं, सुमंगला घाईत विसरली. त्या मुलीला म्हटलं, हे खोड आणि मी सांगतो ते लिही.

पहिल्यांदा रीत म्हणून केलं. पण तुझं पत्र सुमंगलाने वाचून दाखवलं तेव्हा मला कळलं की घोटाळा आपणच केलाय. आडकित्ता वगैरे काही हरवला नव्हता. आणि हे कळल्यावरही दुसऱ्यांदा केलं, ते निव्वळ स्वार्थाने. तोवर हुबळीची ती पोर येऊन गेली होती, मास्तर येऊन गेले होते.

सुमंगलाला वाटतं मी पैशासाठी घर सोडायला निघालो. पैशावाचून कधीच अडलं नाही. गेल्या दोन वर्षांत या गावातली अकरा घरं बंद झाली. बोलायला माणूस नाही. मी बागेत जाऊन सुपारीच्या झाडांना कर्णाची भाषणं ऐकवत होतो, आणि सुपारीची झाडं वाद घालत नाहीत. म्हटलं, हे असंच चाललं तर वेड लागेल, त्यापेक्षा नववा मजला बरा. आता काल दोघं आले, आज सकाळी चौघं. मला कुठेही जायचं नाही. माधवाला तसं कळवलंय.

म्हणून एक कर. त्या मंगळूरच्या बाईंना सांग, आमचा पत्ता काढू नका. तुझी ओळही त्याखाली घालायला लाव. ज्यांना वाचायचंय ते तुझ्याकडे जातील, ज्यांना जेवायचंय ते इकडे येतील. सुमंगलाचे आकडेही वाढू देत, तिने बोटं भाजून घेतलीत त्यासाठी.

आणि दुसरं. ती माजघरात भरण्या गुंडाळतेय, ते मला बघवत नाही. तिला थांबव म्हणून तू लिही. मीच सांगायला हवं, ते मला समजतं. चार वेळा दारापर्यंत जाऊन आलो. मला एकटं वाटत होतं, हे बायकोला तोंडाने कसं सांगायचं? ती म्हणेल, मी नव्हते का? जन्मभर भर सभेत कर्ण बोललो, पण एवढं एक वाक्य जमत नाही. तू लिहिलंस की ती मला वाचून दाखवेल, तेव्हा मी उठून जाणार नाही.

लहानांना आशीर्वाद. आमच्यावर राग धरू नकोस, युगादीला दोन दिवस आधीच या, हातांची गरज आहे.

तुझा,
गणपतीभावोजी

ता. क. ते कुलूप दुकानदार परत घेतो का बघ. नाही घेतलं तर तुमच्याच दाराला लाव.