ओलाव्याची कटती

१७ नोव्हें., सोम.
वजन ७२.१. काटा खोटा आहे म्हणाची सोय नाही. याच काट्यावर वेचणाऱ्या बायांचा कापूस तोलतो आणि "काटा खरा आहे वं माय" म्हणून मीच रोज ओरडते.

घरात दुसरा काटा नाही. हा कापसाचा, छपरीत ठेवलेला. चढाच्या आधी सासूबाईनं पाय धुवाले लावले, नमस्कार कराले लावला. लक्ष्मी आहे म्हणे. दिवाळीत पूजलेल्या हळदीचं बोट अजून दिसते त्याच्यावर. मंग म्हणे, "चढ आता. झेपली तं झेपली लक्ष्मीले."

हे सगळं पैजेपायी. परवा यांना घेऊन यवतमाळले दाताच्या डॉक्टरकडे गेलती. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन यांचं तोंड उघडत नाही आता. डॉक्टर म्हणे, तीन बोटं उभी घालून दाखवा तोंडात. दोनच गेली. "आजपासून बंद करा, पुढचं मले बोलाले लावू नका," असं म्हणाले ते. आणि हे? बसस्टँडवर पोचत नाही तं खर्र्याची पन्नी घोटणं सुरू! मी बोलली तं घरी येऊन सासूबाईसमोर मलेच म्हणे, "तू तं दर सोमवारी वजन कमी करतं. संक्रांतीले अडुसष्टवर ये, मी खर्रा सोडतो. आईची आन."

आईची आन घेतली. आता यांचं तोंड माझ्या पोटावर टांगलं आहे.

१८ नोव्हें., मंगळ.
भात बंद. साखर बंद. सकाळी धुऱ्याधुऱ्यानं वावराले दोन चकरा. शांताबाई वेचणाऱ्या बाया घेऊन येत होती. "काय हरवलं वं वहिनी?" म्हणे. पोट, म्हटलं.

२० नोव्हें., गुरु.
कावळा शिवला. इथून पुढं नुसतं का. लिहीन, पोरगी वाचते.

आमच्या घरी का.च्या दिवसात तीन गोष्टीले हात लावाचा नाही. देवघर, लोणच्याची बरणी आणि कापूस. कापसाची कवडी होते म्हणे, पिवळा पडते. म्हणजे काटाही नाही. भाकरी मात्र चालते, कारण भाकरी दुसरं कोणी थापत नाही.

सासूबाई आंघोळीले गेल्याबरोबर चोरून चढली. ७३.३!

अवो, तीन दिवस भाताचं शीत नाही तोंडात. चकरा मारून टाचा फुटल्या. आणि किलोच्या वर चढली? तिथंच कापसाच्या गाठोड्यावर बसून रडली. मंग उठून वाटीभर चिवडा खाल्ला. मंग अर्धी वाटी अजून.

दुपारी वणीले ताईले फोन. ताई म्हणे, "अवं येडे, त्या दिवसात अंग पाणी धरते. चरबी नाही ते, पाणी आहे. का.मध्ये काट्यावर चढतंच कायले तू?" हे आधी सांगाले काय झालतं हिले. चिवडा तं पोटात गेला.

२१ नोव्हें., शुक्र.
सकाळपासून धाकधूक. चोरून काट्याले हात लावला, कापूस पिवळा पडला तं? दोनदा जाऊन ढीग पाह्यला. पांढरा.

मंग डोक्यात आलं. एवढ्या बाया रोज वेचाले येतात. त्यातल्या कोणाले ना कोणाले तं रोजच का. असंल. कापसाले कोण विचारते? सासूबाईले हे सांगाची हिंमत माझ्यात नाही आणि ऐकाची त्यायच्यात नाही.

२६ नोव्हें., बुध.
व. ७१.४. पाणी गेलं! ताईच्या तोंडात साखर. माझ्या नाही.

हे आज कापूस घेऊन बोरीले गेलते. वापस आले ते तापलेल्या तव्यावानी. व्यापाऱ्यानं गाठोड्यात हात घातला, "ओला आहे" म्हणे, आणि क्विंटलमागे दोन किलो ओलाव्याची कटती लावली. म्हणजे शंभर तोलला, अठ्ठ्याण्णव धरला. यांनी तिथं हूं केलं नाही, घरी येऊन छपरीत भाषण. "दव पडते त्याले मी काय करू? कापूस काय आपल्या मनानं पाणी पेते? लूट आहे नुसती!" बोलता बोलता तोंडात खर्रा भरला, मंग पुढचं काही समजलं नाही.

सासूबाई गहू निवडत सगळं ऐकत होत्या.

७ डिसें., रवि.
यांच्या मित्रांच्या वावरात गोवरीवर भाजलेले रोडगे. वांग्याची भाजी, वरून तूप, धूर नाकात जातो तिथूनच भूक लागते. मी दीडच खाल्ला. कोणी टाळी वाजवली नाही.

यांनी एक रोडगा भाजीत कुस्करून कुस्करून लापशी केली आणि तशी खाल्ली. भाजी तिखट लागली म्हणून पाणी. लग्न झालं तेव्हा हा माणूस जेवताना कच्च्या मिरच्या गाजरावानी खात होता. माझ्या माहेरचे पाहाले जमायचे. आज यांचा पाण्याचा गिलास मी दोनदा भरला. मित्र म्हणे, "वहिनी डायटवर आहे." हो बाप्पा, डायटवर आहे.

१४ डिसें., रवि.
व. ७०.२. सासूबाई म्हणे, "गाल बसले तुहे. आजारी दिसतं." आमच्याकडं बारीक झाली असं कोणी म्हणत नाही, आजारी दिसते म्हणतात. तरी खूष झाली मी.

१८ डिसें., गुरु.
का. चढाचं नाही, चढाचं नाही, चढाचं नाही.

चढली. ७१.५. पण आज रडली नाही. चिवडाही नाही. पाणी आहे, पाणी आहे, असं म्हणत भाकरी थापली.

उतरताना मांग वळून पाह्यलं तं सासूबाई न्हाणीच्या दारात उभ्या, केस ओले. पाह्यलं की नाही काय माहीत.

२ जाने., शुक्र.
६८.९!!! यांना सांगतलं. तोंड उतरलं यांचं. बायको बारीक होते म्हणून तोंड उतरणारा नवरा पूर्ण दारव्हा तालुक्यात एकच असंल. संध्याकाळी पानठेल्यावरून एकदम चार पन्न्या घेऊन आले. सुटाच्या आधी खाऊन घेतो म्हणे. डॉक्टरनं सांगतलेल्याची आठवण देली तं पोरीवर ओरडले, तिचा काही संबंध नसताना.

१० जाने., शनि.
६८.३. जराकच राह्यलं. बुधवारी संक्रांत. पण का. गुरुवारच्या आसपास येते. म्हणजे एक दिवसाचा खेळ आहे. थांब बाप्पा कावळ्या. एक दिवस थांब, मंग वाटल्यास हप्ताभर बस.

१३ जाने., मंगळ.
पोट टम्म. अंगठी निघून नाही राह्यली. पायाच्या बोटावर जोडवी रुतली. ताईले फोन केला तं म्हणे, "पाणी धरून राह्यलं अंग. मीठ खाऊ नोको." बिनमिठाचं वरण खाल्लं. यांनी माझ्या ताटात डोकावून पाह्यलं. आणि हसले. माणसाले आपल्याच मरणाची पैज जिंकाची एवढी घाई असते का?

हे लिहाले नव्हतं पाहिजे. पण लिहिलं. मले भेव वाटते. तीन बोटांची जागा दोन झाली, दोनाची एक झाली तं?

१४ जाने., बुध. संक्रांत
सकाळीच का.

नीट लिहिते, पुढं विसरायचं नाही आहे.

मी मोरीपाशी बसून होती. हे आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून छपरीत खुर्ची टाकून बसले. जसं काही निकाल आहे. म्हणे, "चल वं, चढ." मी म्हणली, आज नाही जमत. का. आहे हे त्यायले समजलं. असे खुलले! एकदम आईभक्त झाले. "आई, हिले तं आज काटा चालत नाही ना? मंग मी तरी काय करू? तारीख आजचीच ठरली होती." आजपर्यंत या माणसानं घरातला एक नियम पाळला नाही.

सासूबाई देवासमोर तीळगूळ ठेवून बाहेर आल्या. यांच्या हातावर लाडू ठेवला. लहानच केलते यंदा, मुद्दाम. यांनी तोंडापाशी नेला. गेला नाही. आडवा करून पाह्यला. नाही गेला. मंग हळूच आमच्याकडं पाठ केली, कोनाड्यातला माझ्या सासऱ्याचा अडकित्ता काढला आणि लाडू कातरला. सुपारीवानी. एकेक चिपोटी तोंडात टाकत होते.

सासूबाई पाहत राह्यल्या. मीही.

मंग त्या माझ्याकडं वळल्या. "चढ वं काट्यावर."

"आई, मले आज..."

"मले म्हाईत हाय. माहे डोये फुटले नाही. मांगच्या महिन्यातही चढली होती तू. काई कवडी झाली नाही कापसाची. चढ."

"आई, लक्ष्मी..." हे म्हणाले.

"लक्ष्मीचं मी पाहून घेईन. तू तुह्या तोंडाचं पाह्य."

पायसुद्धा धुवाले नाही लावले. चढली. आकडा थांबतच नव्हता. थांबला. ६९.१.

हे उठून टाळ्या वाजवाले लागले. "हरली! हरली!" आणि हसाले गेले तं तोंड चिमणीएवढंच उघडलं. मले एवढा राग आला की बस. म्हणली, हे वजन नाही, पाणी आहे. शनिवारी अडुसष्ट पॉइंट तीन होती मी. हे म्हणे, "काट्यावर जे दिसते ते खरं." म्हणली, मंग तुमच्या कापसाचं काय झालतं? दव पडते त्याले तुमी काय करता? मंग माहं अंग काय माह्या मनानं पाणी पेते?

दारात शांताबाई वाण घेऊन उभी, सगळं ऐकत.

सासूबाई काट्यापाशी खाली बसल्या. "ओल्या मालाले कटती लागते ना बाप्पू?"

"आई, कटती म्हणजे लूट आहे. मीच म्हणलं होतं."

"घरी म्हणला. त्याच्यासमोर तं हूं नाही केलं. परक्याले देली ना क्विंटलमागं दोन किलो? मंग घरच्या लक्ष्मीले काहून नाही? लाव हिशेब."

यांनी मनातल्या मनात लावला. दिसत होतं तोंडावर. सत्तराले दीडच्या जराक खाली. म्हणजे सदुसष्ट पॉइंट सात. शांताबाईनं त्यायच्या आधी सांगून टाकलं, "जिंकली वं वहिनी!"

यांनी काट्याकडं पाह्यलं. मंग म्हणे, "कटती मी मानत नाही. पण ओला माल तोलणंही बरोबर नाही. वाळू दे. सोमवारी तोलू."

सासूबाई म्हणे, "सोमवारी. तुही आन नाही, माही आन."

संध्याकाळी बाया हळदीकुंकवाले आल्या. मी मांगच्या अंगणात बसली होती. सासूबाई वाटी घेऊन स्वतः मांग आल्या आणि माझ्या हातावर तीळगूळ ठेवला. देवघराचा नियम अजून आहेच. काट्याचा गेला वाटते.

१९ जाने., सोम.
६७.८. बिनकटतीचं!

यांनी तीनदा उतरवून तीनदा चढवलं. काटा रिकामा करून शून्य दाखव म्हणे. दाखवलं. व्यापाऱ्यावानी काट्याले चारही बाजूनं हात लावून पाह्यला. आकडा तोच. मंग शर्टाच्या खिशातून पन्नी काढली, आईच्या हातात देली आणि भाकरी न खाताच वावरात चालले गेले. सासूबाईनं चुलीत टाकली. घरभर वास. पोरगी म्हणे, "आई, बाबा रडले का?" म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

२१ जाने., बुध.
हे चूप किंवा ओरडणं, तिसरं काही नाही. बैलाले शिव्या, मले शिव्या, टीव्हीले शिव्या. पानठेला टाळाले शाळेच्या मांगून लांबून जातात. हात सारखा खिशाकडं जाते. आज खिशात बडीशेपची पुडी ठेवून देली, काही न सांगता.

माझं व. तोललं नाही. काल वाटीभर भात खाल्ला. आज वाटीपेक्षा जास्त.

२२ जाने., गुरु.
सकाळी हे आरशासमोर. मले पाहून थांबले नाही, तेवढी लाज आता राह्यली नाही आमच्यात. दोन बोटं घातली. गेली. तिसरं टेकवून पाहत होते, डोळे बारीक करून.

"गेलं ना वं थोडंसं?"

नव्हतं गेलं. डॉक्टरनं सांगतलंच होतं, खर्रा सुटला तरी तोंड उघडाले वेळ लागन, आणि तेही सुटला तं.

"गेलं," म्हणली मी. "नखभर."

"नखभर?"

"नखभर."

मंग यांनी चपला घातल्या आणि दारात उभं राहून खिशात हात घातला. मी भाकरी थापाची थांबली. सासूबाईचा निवडता हात थांबला.

आज तरी बडीशेपच निघाली.