माझ्या वरातीत न वाजलेलं जर्मन गाणं

बाबा, रविवारी दुपारी मी तुमचं गाणं ऐकलं. तुम्ही ज्याला जन्मभर ‘मास्तरांचा गाणा’ म्हणालात, तेच. बाहेर समुद्र होता आणि आत एवढा गारठा की नातीने आणलेली शाल मी नाकापर्यंत ओढून घेतली. खुर्ची इतकी मऊ की मी तिच्यात रुतून बसले. स्टेजच्या पुढे एक खड्डा, खड्ड्यात सगळे वाजवणारे, आणि त्यांच्यात एक क्लॅरोनेटवाला, अगदी तुमच्यासारखे गाल फुगवणारा. हे सगळं नातच लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक! तुम्हीच तर शाळेत घातलं नाहीत. असो. वाचायला तुम्हाला तरी कुठे येत होतं?

झालं असं की मी ओट्यापाशी तांदळाची भाकरी थापत होते. थापताना ते गाणं मला आपोआप येतं, कारण हातही तसाच पडतो, एक जोरात आणि दोन हलके. नातीने मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला. म्हणाली, “आजी, परत गुणगुण.” म्हटलं, “का गं, आता भाकरीची पण रील करतेस?” “अगं गुणगुण ना, प्लीज!” गुणगुणले. मोबाईलने जरा विचार केला आणि सांगितलं की हे जर्मन भाषेतल्या एका ऑपेरेटातलं गाणं आहे. ऑपेरेटा म्हणजे तिकडचं संगीत नाटक, बोलता बोलता गायचं आणि गाता गाता नाचायचं. मी म्हटलं, “तुझ्या मोबाईलला सांग, हे डिलाईल रोडचं आहे. माझ्या बापाचं.” ती हसली, पण लक्षात ठेवून बसली. परदेशातली मंडळी तेच नाटक घेऊन मुंबईत आली, तेव्हा मला न विचारता दोन तिकिटं काढली.

तुम्ही तेव्हा गिरणीत साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर होता. पाळी सुटली की कानातला साच्यांचा खडखडाट धुवायला तुम्ही क्लॅरोनेट घेता, असं आई म्हणायची. आणि रविवारी गिरगावातून गोव्याचे मास्तर यायचे. मोठ्या हॉटेलात गोऱ्यांपुढे वाजवून म्हातारे झालेले, आता तुम्ही वाजवायचात त्या लग्नाच्या बँडला शिकवणारे. आई तिरफळ घालून बांगड्याचं कालवण करते आहे, स्वयंपाकघर वासाने भरलंय, मास्तर पाटावर बसून व्हायोलिनवर ते गाणं वाजवताहेत आणि तुम्ही डोळे मिटून क्लॅरोनेटवर त्यांच्या मागून मागून येता आहात. मास्तरांना प्रत्येक गाण्यामागची गोष्ट सांगायची खोड. ती सुरू झाली की तुम्ही मला पिटाळायचात, “जा गो, पाणी हाड.” आता पिंपात पाणी भरलेलं असताना कसलं पाणी? म्हणजे गोष्ट प्रेमाची असणार, एवढं मला तेव्हाही कळायचं.

मग ते गाणं वरातीत शिरलं. बाबा, तुमच्याशिवाय हा उद्योग कुणी केला नसता. वरातीला डावा-उजवा पाय पडेल अशी चाल लागते, आणि हे तीन ठोक्यांचं. त्याच्यावर चालून दाखवावं कुणी! पहिल्या वेळी नवरदेवाचा घोडा गोंधळून पानवाल्याच्या दुकानात तोंड घालून उभा राहिला. पण तुम्ही हट्टी. नवरी माहेरच्या चाळीतून निघाली की तुम्ही तेच धरायचात. हळूहळू लोकांनी चालणं सोडलं आणि झुलायला लागले. दिवेलागणीची वेळ, माणसांच्या डोक्यावरचे गॅसचे दिवे, आणि अख्खी गल्ली होडीत बसल्यासारखी या अंगावरून त्या अंगावर कलते आहे. नवरी रडायची विसरते. गॅलरीतल्या बायका कठड्याला टेकून डुलतात. मी त्यांच्यात उभी असते, आणि मला वाटतं, रस्ता सुटून आपण कुठेतरी पाण्यावर निघालोय. अजून झोप लागताना कधी कधी तसं होतं.

तुमच्या बँडची रीत होती. वाजवणाऱ्याच्या लेकीचं लग्न असलं की तिने गाणं सांगायचं आणि बापाने ते वाजवायचं. मी लहानपणापासून माझं ठरवून ठेवलं होतं. नवराही मीच ठरवला, शीव कोळीवाड्याचा, कोळ्यांचा. ते ऐकून तुम्ही उपास धरणाऱ्यातले नव्हेत, जेवत होता, पण बोलत नव्हता. शेवटी आईने समजावलं आणि तुम्ही मान हलवलीत. हळदीच्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसलात. “काय वाजवू गो चेडवा?”

“मास्तरांचा गाणा.”

“ता तुझ्यासाठी नाय. दुसरा सांग.”

“कित्याक?”

“नाय म्हटलंय मा!”

आणि उठून गेलात. दुसऱ्या दिवशी माझ्या वरातीत एक उड्या मारणारं गाणं वाजवलंत. घोडा खूश, पोरं खूश. मी पदराआड दात-ओठ खात होते. चाळीतल्या सगळ्या पोरींना ते गाणं, आणि तुमच्या पोटच्या पोरीला नाही? मी एकच अर्थ लावला. तुम्ही हो म्हणालात ते तोंडाने, मनाने नाही. पुढे एकदा जेवताना विचारलं, तर म्हणालात, “भात वाढ.” मग माझी धाकटी रांगत असताना तुम्ही गेलात, आणि विचारायचं राहूनच गेलं. आमचे हे गमतीने म्हणायचे, “तुझ्या बाबांनी मुलगी दिली, गाणं नाही दिलं.” हसत म्हणायचे, पण दर वर्षी म्हणायचे. खरीच गंमत वाटत असती तर माणूस इतक्यांदा म्हणाला नसता. तेही तसंच मनात घेऊन गेले.

तर रविवारी पडदा उघडला. आपल्या दशावतारासारखंच, बाबा. राजा बोलता बोलता थांबतो, छाती फुगवतो आणि गायला लागतो. फक्त बाईचं सोंग इथे पुरुषाने घेतलेलं नव्हतं, खरोखरची बाई होती. वर एका पट्टीवर इंग्रजीत अर्थ येत होता, आणि नात तो माझ्या कानात मराठीत सोडत होती. एक सरदाराचा मुलगा, एक नावाड्याची मुलगी. दोघांचं जमतं. घरचे मोडतात. मुलीला नदीपलीकडे दुसऱ्या घरी द्यायचं ठरतं. तिसऱ्या अंकात तिची नाव निघते, तो घाटावर उभा राहतो, आणि खड्ड्यातून क्लॅरोनेट एकटंच वर येतं. मी नातीचं मनगट धरलं. स्टेजवर निळं पाणी हलत होतं, खोटं पाणी, कापडाचं, पण मी तर केव्हाच गॅलरीत जाऊन पोचले होते. गॅसचे दिवे, गल्ली झुलते आहे. नात कानात सांगते आहे, “आजी, तो म्हणतोय, जा. मागे वळून बघू नकोस. आता या काठावर तू पुन्हा कधी यायचं नाहीस.”

“परत सांग.”

“तू पुन्हा कधी यायचं नाहीस.”

पुढच्या रांगेतल्या बाईने वळून “शूऽऽ” केलं. मी तिला सांगणार होते की बाई, तुमच्या आधी हे गाणं आमच्या गल्लीत येऊन गेलंय. पण गाणं अजून चालू होतं, ते ऐकायचं होतं.

म्हणजे हे होतं तर! दुसऱ्यांच्या लेकींना बिनदिक्कत ‘पुन्हा येऊ नकोस’ वाजवून वाटेला लावत होता तुम्ही! त्यांना काय, जर्मन कुणाला कळतंय, त्या आपल्या पाचव्या दिवशी माहेरी हजर. पण स्वतःच्या पोरीच्या वेळी मात्र मास्तरांची गोष्ट आठवली. मी यावं, परत परत यावं, म्हणून ते गाणं माझ्यासाठी नव्हतं. आणि हे सरळ सांगायचं सोडून म्हणे भात वाढ! घरी आल्यावर मी ह्यांच्या फोटोपुढे उभी राहिले आणि म्हटलं, “अहो, गाणं नाही दिलं ते चांगल्यासाठी नाही दिलं हो. तुम्ही पसंत होता.” नात दारात उभी राहून डोळे पुसत होती. हे लिहू नको म्हटलं तर लिहिलंच तिने.

आता ती विचारते आहे, आजी, ह्याचं काय करायचं, छान कागदावर उतरवून तुझ्या बाबांच्या फोटोमागे ठेवू? समुद्रात सोडू? म्हटलं, काही करायचं नाही, कुठे पाठवायचं नाही. खरं कारण तिला सांगितलं नव्हतं, ते आता सांगते. मास्तरांनी तुम्हाला ह्याच गाण्याची गोष्ट सांगितली होती की दुसऱ्याच कुठल्या, ते मला माहीत नाही. मी पाणी आणायला गेले होते. सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. हे पाठवलं, आणि कुठूनतरी तुमचं उत्तर आलं की, “छे गो, माका खंय कळता जर्मन,” तर मी ह्यांच्या फोटोला काय सांगू?

म्हणून नाही पाठवत.