पोटातली गळती

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार,

दादाचा गुडघा आणि तुमचा आवाज दोन्ही ठणठणीत असतील, अशी आशा आहे. (आवाजाची तर खात्रीच आहे.) मी हे पत्र उठून बसून, स्वतःच्या हातानं लिहितोय, त्यातच माझी खुशाली आली.

तुम्ही पोचायच्या आधीचं सांगायचं राहिलं होतं. खड्यांसकट पित्ताशय निघालं, शुद्धीवर येऊन मी चहा मागितला, आणि मग कळलं की आत पित्त गळतंय. उभा जन्म लोकांचे नळ आणि मोऱ्या दुरुस्त करण्यात गेला, आणि गळती निघाली ती माझ्याच पोटात! (ही इतकी हसली की सिस्टरनं तिला बाहेर घालवलं.) पित्त आत साचू नये म्हणून डॉक्टरांनी पोटातून एक नळी बाहेर आणून तिला पिशवी लावली. त्या नळीवर होता एक चाप. आता आमच्या धंद्यात गळती दिसली की आधी कॉक बंद, बाकीचं मग. माझा हात आपोआप गेला आणि चाप बंद झाला. पिशवी कोरडी पडली, गळती थांबली असं समजून डॉक्टर खूश झाले, म्हणाले, उद्या नळी काढून टाकू. दुपारपासून पोट फुगून दगड झालं, हुडहुडी भरली, पण बोललो तर नळी राहील म्हणून मुकाट पडून होतो.

तेवढ्यात तुम्ही आलात. कपाळाला हात लावलात, चादर वर केलीत आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलंत, "भावजी, हा चाप कोणी लावला?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तुम्ही डॉक्टरांना अक्षरशः ओढून आणलंत. चाप उघडला, पिशवी भरली आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. नळी काढली असती तर जिवावर बेतलं असतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मग तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या वाटेत बारीक नळी बसवली, आणि गळती थांबली. पोटावरची नळी काल निघाली, या वेळी रीतसर. वहिनी, तुमच्यामुळे मी आहे. तोंडावर हे सांगणं मला जमलं नसतं.

तुमचा धाकटा दीर

ता. क. आतली नळी पुढच्या महिन्यात पुन्हा तोंडातूनच काढायची आहे. डॉक्टर हिला म्हणाले, हे ज्यांचं ऐकतात असं कुणीतरी सोबत आणा. ही लगेच म्हणाली, मग माझा काय उपयोग?

आणखी एक. मला भीती वाटते, वहिनी. याल ना?